वास यायचा बंद झाला तो दिवस

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा वडील ओटीवर पेपर वाचत बसले होते. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला, पत्र एकदा वाचलं, परत वाचलं आणि घडी घालत विचारलं, "मलनिस्सारण म्हणजे काय, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. पण काम प्रयोगशाळेत आहे, बाबा. पाणी तपासायचं."

"कसलं पाणी?"

मी पत्र त्यांच्या हातातून परत घेतलं.

वडील मुरबाड तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला आणि गावची मेलेली ढोरं ओढायचं काम टाकलं, तेव्हा गावानं त्यांना कितीतरी दिवस शेतावर कामाला बोलावलं नव्हतं. वडील तेव्हा लहान होते. नाचणीची पेज पाण्यासारखी पातळ करून सहा माणसांत वाटलेली त्यांनी पाहिली होती. हे सगळं मला ऐकून पाठ होतं, म्हणून पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तरी मला कळलं असतं.

"दुसऱ्याची घाण उचलायची नाही म्हणून आपल्या घरानं उपास काढले. आणि तू बी. एस्सी. होऊन परत तिथंच चाललीस."

मी नोकरी घेतली. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती आणि दुसरी नोकरी समोर नव्हती. वडिलांनी अडवलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. कुणी विचारलं तर आई सांगायची, "नगरपालिकेत आहे, हापिसात." खालच्या गावात दिलेली माझी मावशीही तिच्या शेजारणींना तेच सांगायची.

ते शहर लहान होतं, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या कडेला वाढलेलं. त्याचं नाव इथे सांगत नाही. शहराबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला कुंपण घातलेली जागा होती. तोच आमचा प्लँट. सगळ्या घरांचं, हॉटेलांचं, दवाखान्यांचं सांडपाणी गटारातून वाहत तिथं यायचं. आधी लोखंडी जाळीवर चिंध्या, पिशव्या अडायच्या. मग ते पाणी एका खोल बंदिस्त विहिरीत पडायचं. विहिरीच्या तळातले पंप ते उचलून वरच्या मोठ्या टाकीत टाकायचे. त्या टाकीत तळापासून हवा सोडलेली असायची आणि तिच्यात कोट्यवधी जंतू जगत असायचे. घाण खाणं हेच त्यांचं जगणं. पुढच्या टाकीत गाळ खाली बसायचा, वर निवळ पाणी राहायचं. त्याला क्लोरीन देऊन ते ओढ्यात सोडायचे आणि ओढा दोनशे पावलांवर नदीला मिळायचा.

नदीकाठानं आणखी दीड कोस खाली मावशीचं गाव. उन्हाळ्यात त्या गावच्या विहिरी आटल्या की बायका नदीच्या वाळूत हातभर खड्डा करायच्या, त्यात पाणी झिरपू द्यायच्या आणि वाटीनं हंडा भरायच्या. त्या खड्ड्याला झिरा म्हणायचे. लहानपणी सुट्टीत मावशीकडे गेले की मीही झिऱ्यावर बसून हंडे भरलेत. त्यामुळे प्लँटमध्ये पहिल्या आठवड्यातच माझ्या मनात एक हिशेब पक्का बसला. इथं काही चुकलं, तर ते मावशीच्या हंड्यात जाणार.

ही भीती मी कुणाला बोलले नाही. ती कामाच्या आड राहिली. रोज सकाळी मी टाकीतलं पाणी उंच काचेच्या भांड्यात भरून अर्धा तास ठेवायची आणि गाळ कुठवर बसतो ते बघायची. थेंबभर पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. जंतू वळवळताना दिसले की मला सुटल्यासारखं वाटायचं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा घरातले दिवे गेले की मी घड्याळ बघत बसायची. तिथलेही गेले असतील का? हवेचे पंखे थांबले असतील का? हवा नसेल तर ते जंतू काही तासच तग धरतात.

प्लँटवर एक पंपवाले काका होते. टोकावड्याकडचे कुणबी. प्लँट सुरू झाल्या दिवसापासून तिथंच. सुरुवातीला मला 'म्याडम' म्हणायचे, वर्षभरात 'बाय' म्हणायला लागले. पंपाच्या आवाजावरून त्यात काय अडकलंय ते सांगायचे. "हे फडकं हाय," म्हणायचे, नाहीतर, "हे नुसतं प्लास्टिक, जाईल आपसूक." नाही गेलं तर काका कमरेला दोर बांधून त्या विहिरीत उतरायचे, हातानं चिंध्या उपसायचे आणि ओलेचिंब वर येऊन साबणानं तीन तीन वेळा अंग धुवायचे. दोराचं दुसरं टोक जाळी साफ करणाऱ्या कामगाराच्या हातात असायचं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा दोर धरायला धावले होते. काका हसले होते. "धा वरसं उतरतोय. कोंबडीच्या कुजल्या अंड्यासारखा वास येतो, दुसरं काय नाय."

दोन-तीन वर्षांनी मला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या एका बाईंनी त्याच वासाबद्दल शिकवलं. सांडपाणी हवेवाचून कोंडून राहिलं की त्यातून एक वायू सुटतो. थोडा असतो तोवर नाकाला कुजक्या अंड्याचा वास येतो. फार झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. माणसाला वाटतं, गेला वायू. तो आत उतरतो, एक-दोन श्वास घेतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. बाईंनी हे अगदी सपाट आवाजात सांगितलं.  परत आल्यावर मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल बाय. पण पंप आडला तर पाणी कोन उचलनार?"

मग भारनियमनाची वर्षं आली. आमच्याकडे रोज कितीतरी तास दिवे जायचे. प्लँटचं जनरेटर सहा महिने बंद पडलेलं होतं. दुसऱ्या पंपाची मोटर दुरुस्तीला गेली होती ती आलीच नव्हती. एकाच पंपावर सगळं चाललं होतं. मी पत्रावर पत्रं लिहिली. आमचे इंजिनीयर साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्याकडे रस्ते, दिवे, पाणीपुरवठा, सगळंच होतं. आमचा प्लँट त्यांच्या यादीत तळाला.

तो मे महिन्यातला दिवस होता. पहाटेच दिवे गेले होते. मी नऊला पोचले तेव्हा हवेची टाकी निपचित पडली होती. एरवी ती उकळत्या चहासारखी खदखदत असायची आणि तिचा रंग ओल्या तपकिरी मातीचा असायचा. आता वर काळपट साय धरायला लागली होती. जाळी साफ करणारा कामगार रजेवर होता. काका आणि मी, दोघंच.

विहिरीचं पाणी हळूहळू चढत होतं. काका दर थोड्या वेळानं झाकण उचलून बघायचे आणि मला बोटांनी दाखवायचे, अजून इतकं, अजून इतकं. काठोकाठ भरली की पाणी वरच्या नळीतून थेट ओढ्यात जाणार होतं. काहीही न करता, जसंच्या तसं.

अकराला दिवे आले. काका धावतच पंपाच्या खोलीत गेले. पंप सुरू झाला, पाच मिनिटं नीट चालला आणि मग त्याचा आवाज बदलला. घुसमटल्यासारखा झाला. काकांनी खटका बंद केला. बाहेर येऊन म्हणाले, "मोठं आडकलंय. साडीबिडी आसंल." पंप चालू-बंद करून पाहिला, उलटा फिरवून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

मी ऑफिसातून साहेबांना फोन लावला. ते ठाण्याला बैठकीत होते. बाहेर येऊन बोलले. "अहो, मग काकांना उतरवा ना. नेहमी उतरतात."

"सर, पाच तास पाणी कोंडलंय. गॅस असेल. आपल्याकडे ना मास्क आहे, ना पंखा."

"नदीत गेलं तर गहजब होईल. वर्षभर उत्तरं देत बसावं लागेल. बघा तुम्ही." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि बाहेर काही बोलू नका."

मी परत आले तेव्हा काकांनी सदरा काढून कठड्यावर ठेवला होता. दोर कमरेला बांधत होते. दोराचं दुसरं टोक त्यांनी कठड्याच्या लोखंडाला बांधलं होतं. झाकण पूर्ण उघडं होतं.

"काका, नाही उतरायचं."

"बाय, वेळ नाय. पाणी वर आल्यावर मग उतरून बी उपेग नाय." मग ते झाकणाशी वाकले, नाकानं हवा ओढली आणि वळून माझ्याकडे बघून हसले. "मघाशी लय मारत होता. आता वास पन नाय येत बघ. गेला तुझा गॅस."

मी तिथंच उभी होते. मलाही वास येत नव्हता.

 प्रशिक्षणातल्या बाईंचा सपाट आवाज ऐकू यायला लागला. मी काकांचा दंड दोन्ही हातांनी पकडला आणि त्यांना मागे ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वडिलांच्या वयाच्या परक्या पुरुषाला असं धरलं होतं. तेही चमकले.

"दोन मिनिटं थांबा. फक्त दोन मिनिटं. माझ्यासाठी."

मी प्रयोगशाळेत पळाले. तिथं एका बाटलीत पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या असायच्या, शिशाच्या क्षारात भिजवून वाळवलेल्या. तो वायू लागला की पट्टी काळी पडते. बाटलीचं झाकण निघेना. दातांनी उघडलं. पट्टी ओली केली, शिवणाच्या दोऱ्याला बांधली आणि परत येऊन विहिरीत सोडली. काका बघत उभे होते, उघडे, कमरेला दोर. मी तोंडानं आकडे मोजत होते. वीसपर्यंत आले आणि दोरा वर ओढला.

पट्टी काळी झाली होती. करपलेल्या भाकरीसारखी काळीकुट्ट.

काकांनी ती बोटात धरली. दुसरी न वापरलेली पट्टी मी त्यांच्यापुढे धरली, पांढरी. ते या पट्टीकडे बघत, मग त्या पट्टीकडे बघत. मग ते खाली बसले. दोराची गाठ सोडायला त्यांना मला हात लावायला सांगावं लागलं. गाठ घट्ट बसली होती. मी ती सोडत असताना ते एवढंच म्हणाले, "मी उतरलोच आसतो गो."

आम्ही दोघांनी मिळून झाकण ढकलून अर्धं लावलं आणि लांब वाऱ्याच्या बाजूला जाऊन बसलो. मला वाटलं होतं, आता भीती संपली. पण पाऊण तासानं नळीतून पाणी गळायला लागलं. आधी धार, मग झोत. काळं, जड, फेसाळ पाणी. ते ओढ्यात पडलं आणि वाट काढत नदीकडे निघालं. मी एका माणसाला वाचवलं होतं आणि त्याच हातानं ही घाण नदीत सोडली होती. आता ती दीड कोस चालून मावशीच्या झिऱ्यात जाणार होती.

आमच्याकडे ब्लिचिंग पावडरीच्या गोणी होत्या. "काका, नळीच्या तोंडाशी पावडर टाकत राहा. थोडी थोडी. लांबून, नाकाला फडकं बांधून. विहिरीजवळ जाऊ नका. तुम्हाला माझी शपथ आहे, जाऊ नका."

"आणि तू?"

"मी खाली जाते. सांगायला."

"सायबानं नको म्हटलंय ना?"

मी चपला घातल्या आणि नदीकाठानं निघाले.

उन्हाळ्यातली नदी अगदी सावकाश वाहते. मी पाण्याच्या पुढे होते, हे मला ठाऊक होतं, तरी दर वळणावर मागे वळून बघत होते. कुणी पाठलाग करत असावं तशी चालत होते. ऊन डोक्यावर. करवंदीच्या जाळ्यांत ओढणी अडकून फाटली. रस्त्यात एका ठिकाणी गुरं पाण्यात बसली होती. गुराखी कुठेच नव्हता. मी दगड मारून गुरांना उठवायचा प्रयत्न केला. एक म्हैस माझ्याकडे बघत बसली, हललीच नाही. मला रडू फुटलं. तशीच पुढे गेले.

गावाजवळ पोचले तर नदीत आठ-दहा बायका होत्या. झिऱ्यांभोवती हंडे-कळश्या. मावशीनं मला ओळखलं आणि पदरानं तोंड पुसत उभी राहिली.

"काय गो, तू हितं भर उन्हाची? घरी काय झालं काय?"

"मावशी, पाणी भरू नका. कुणीच भरू नका. वरून घाण सुटलीय."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एकीनं ओंजळीत पाणी घेऊन वर धरलं. "घान? कुठं हाय? काचेवानी पानी हाय बघ."

खरंच होतं तसं. पाणी अजून स्वच्छ होतं. तळाची वाळू दिसत होती, गोटे दिसत होते. घाण अजून वरच होती, तासा-दोन तासांवर. नितळ पाण्याकडे बोट दाखवून ते विषारी होणार आहे, असं मी सांगत होते. माझंच बोलणं मला वेडीसारखं ऐकू येत होतं.

"तुला कोनी सांगितलं?" दुसरीनं विचारलं.

मी मावशीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. इतकी वर्षं तिनं सांगितलेलं हापिस आता माझ्या एका वाक्यानं मोडणार होतं.

"मी तिथंच काम करते. शहराची संडासं-गटारं जिथं येतात तिथं. ते पाणी साफ करून आम्ही नदीत सोडतो. आज साफ करता आलं नाही. तसंच सुटलंय."

 मग एक म्हातारी, तिचा हंडा काठोकाठ भरला होता, ती पुटपुटली, "म्हंजी रोजचं पन तेच पानी?"

मी जे होतं ते सांगितलं. रोजचं पाणी साफ असतं, मी स्वतः तपासते, तरी ते उकळूनच प्यायला हवं. म्हातारीनं हंडा उचलून डोक्यावर घेतला आणि चालू लागली. दोघीतिघी तिच्यामागे गेल्या. बाकीच्यांनी निदान नवं भरायचं थांबवलं. मावशीनं स्वतःचे दोन्ही हंडे माझ्यासमोर वाळूत ओतले. आज भरलेलं पाणी स्वच्छच होतं, ते ओतायची गरज नव्हती. मी तिला थांबवलं नाही, कारण तिनं ओतलं म्हणून आणखी चौघींनी ओतलं.

मी सावलीत बसून राहिले. गेले नाही. पाणी येताना बघितल्याशिवाय मला जाताच येईना.

चार वाजले असतील. वरच्या डोहाकडे पोरांचा आरडाओरडा ऐकू आला. आधी वाटलं, कुणी बुडालं. धावत गेले तर पोरं आनंदानं ओरडत होती. मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडत होते. मळे, खवल्या, एरवी दगडाखाली लपणारी वामसुद्धा काठाशी येऊन पडली होती. पोरांना जाळं लागलं नाही, गळ लागला नाही. हातांनी धरून फडक्यात टाकत होती. एका मुलीनं परकराचा ओचा भरला होता.

"टाका ते! टाका! बाहेर या!" माझा आवाज फाटला. पोरं थबकली आणि मग हसायला लागली. मी चपलांसकट पाण्यात उतरले आणि त्या मुलीचा ओचा सोडवून मासे वाळूवर पाडले. ती मोठ्यानं रडायला लागली. तेवढ्यात मोठी माणसं आली. पाण्याला आता राखाडी छटा आली होती आणि क्लोरीनचा उग्र दर्प येत होता. मासे घाणीनं गुदमरून मेले की आम्ही टाकलेल्या पावडरीनं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण ते पाहिल्यावर माझं म्हणणं सगळ्यांना पटलं. पोरांच्या आया धावत आल्या, त्यांनी पोरांना फरफटत बाहेर काढलं. दुपारी हंडा घेऊन गेलेली म्हातारीही आली. डोहाकडे बघत उभी राहिली आणि तिनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला.

दुसऱ्या दिवशी क्रेन आणून पंप वर काढला. त्यात गादीचा फाटका अभ्रा गुंडाळलेला होता. गावाला काही दिवस टँकर गेला. आमची टाकी मात्र मेल्यासारखी होती. दुसऱ्या शहराच्या प्लँटवरून जिवंत गाळ टँकरनं आणून तिच्यात ओतला. तीन आठवड्यांनी ती सावरली.

त्या तीन आठवड्यांत मी धड जेवले नाही. रोज एसटीतून उतरताना वाटायचं, आज कुणीतरी निरोप घेऊन उभं असेल. आठव्या दिवशी निरोप आलाच. मावशीला जुलाब-उलट्या होत होत्या, शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मी गेले तेव्हा तिला सलाईन लावलेलं होतं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. डॉक्टरांना मी विचारलं, "नदीच्या पाण्यानं झालं का?" ते म्हणाले, "उन्हाळ्यात असे रोजच येतात. कशानं झालं ते कसं सांगणार?" चौथ्या दिवशी ती घरी गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, "मी ते पानी नाय प्याले गो. तुझी शपथ." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच, हे मी तिला कधी विचारलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

मला कारणे दाखवा नोटीस आली. परवानगीविना कामाची जागा सोडली, वरिष्ठांची सूचना डावलली, लोकांत घबराट पसरवली. उत्तर लिहायला बसले तर कागदावर काही उतरेना. वडिलांनी पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या कामाच्या कागदाजवळ येऊन बसले.

"काय झालं ते सांग. पहिल्यापासून."

मी सांगितलं. काकांनी सदरा काढला तिथपासून म्हातारीच्या प्रश्नापर्यंत. ते मधे एकदाच बोलले. "तो उतरला असता तर?"

"तर त्याला काढायला मी उतरले असते बहुतेक."

 वडिलांनी पेन उचलून माझ्या हातात दिलं. "जे घडलं तेच लिही. माफी मागू नकोस. आणि ऱ्हस्व-दीर्घ नीट लिही, नाहीतर तेवढंच दिसतं लोकांना." उत्तरासोबत मी दोन पट्ट्या जोडल्या, एक काळी, एक पांढरी. साहेबांनी त्या पट्ट्या पाहिल्या की नाही, ठाऊक नाही. नोटिशीचं पुढे काही झालं नाही. मला शिक्षा झाली नाही आणि कुणी बरं केलंस असंही म्हटलं नाही. पण पावसाळ्याआधी जनरेटर दुरुस्त झालं, दुसरी मोटर आली आणि पंप वर ओढायला साखळीची कप्पी बसवली. विहिरीच्या झाकणाला कुलूप लागलं. किल्ली काकांनी स्वतः माझ्या टेबलाच्या खणात ठेवली.

दोन-अडीच वर्षांनी काका निवृत्त झाले. प्लँटच्या अंगणातच छोटा निरोप समारंभ झाला. नारळ, शाल, भजी आणि चहा. काकांनी बायकोला आणलं होतं. हिरव्या लुगड्यातली, बारकीशी बाई. भाषणं झाल्यावर ती उठून एकटीच प्लँट बघत फिरली. काकांनी कुठे काय ते बोटानं दाखवलं असावं. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती विहिरीच्या कुलूप घातलेल्या झाकणापाशी उभी होती. माझ्या हातातला कप घ्यायच्या ऐवजी तिनं माझं मनगटच धरलं. 

"हितं उतरायचा व्हय तो?" तिनं विचारलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला म्हनायचा, पंप चालू-बंद करायचं काम हाय. बटनं दाबायची. वीस वरसं मी डबा बांधून दिला, मला वाटायचं सावलीत बसून खात आसंल." ती झाकणाकडे बघत राहिली. "आज सकाळी म्हनाला, आता सांगतो तुला. मी म्हनलं, आता कशाला सांगतोस रे. आता मला झोप लागंल का?"

मी तिला झाकणापासून लांब, पायरीवर नेऊन बसवलं. चहा दिला. तिनं तो प्यायला नाही, नुसता दोन्ही हातांत धरून बसली. समोर काका शाल सावरत सगळ्यांशी हसून बोलत होते आणि ती त्यांच्यावरून नजर हलवत नव्हती.